कामावरून घरी आलेली कुत्री आणि घरातली लहान मुले

प्रश्न थोडक्यात असा आहे. गुहागरजवळच्या एका वाडीत राहणाऱ्या एक ताई विशेष मुलांच्या शिक्षिका आहेत. त्यांची 4 वर्षांची लॅब्राडोर कुत्री बकुळ रीतसर प्रशिक्षण आणि चाचणी पूर्ण करून गेले दीड वर्ष त्यांच्याबरोबर आठवड्यातून तीन दिवस चिपळूणच्या एका केंद्रात जाते आणि तेथील स्वमग्न व बहुविकलांग मुलांसोबत थेरपी डॉग, म्हणजे उपचारात साथ देणारी कुत्री, म्हणून काम करते. घरी ताईंना 5 वर्षांची मुलगी आणि 14 महिन्यांचा, नुकताच चालू लागलेला मुलगा आहे. जुलैच्या अखेरीस एका संध्याकाळी पडवीत बकुळ या धाकट्यावर गुरगुरली. तेव्हापासून सासूबाईंनी कुत्री कोणाला तरी देऊन टाका असा आग्रह धरला आहे. ताई विचारतात की केंद्रात अनोळखी मुलांनी शेपूट ओढली तरी जी शांत राहते ती घरच्या लेकरावर गुरगुरलीच कशी, तिचे काम आता थांबवावे का, आणि तिला घरात ठेवणे सुरक्षित आहे का.

ताई, मी गेली 24 वर्षे रत्नागिरी जिल्ह्यात पशुवैद्य म्हणून काम करतो आणि त्यांतली शेवटची 11 वर्षे अशा कामासाठी निवडलेल्या कुत्र्यांची तपासणी आणि त्यांच्या वागणुकीचा अभ्यास हा माझ्या कामाचा मोठा भाग राहिला आहे. आपण पाठवलेली दोन मिनिटांची चित्रफीत मी बऱ्याच वेळा पाहिली. ती गुरगुरण्याच्या आदल्या आठवड्यातली आहे, आणि तिच्यात सगळे काही छान चालले आहे असे समजून आपण ती घेतली होती, म्हणूनच ती मला विशेष उपयोगी वाटली. तिच्याकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. बकुळ बिघडलेली नाही, आणि आपल्या हातून काही भयंकर चूक झाली आहे असेही नाही. मात्र आज जसे चालले आहे तसेच चालू ठेवले, तर पुढच्या वेळी ती गुरगुरण्यावर थांबेलच असे मी म्हणू शकत नाही. म्हणून हे उत्तर लांबले आहे.

आधी चित्रफितीत काय दिसते ते सांगतो. बकुळ पडवीच्या कोपऱ्यात, झोपाळ्याच्या पलीकडे भिंतीला लागून पडली आहे. धाकटा हातात भाकरीचा तुकडा घेऊन डुलत डुलत तिच्याकडे येतो. तो चार-पाच पावलांवर असतानाच बकुळ मान दुसरीकडे वळवते. तो आणखी जवळ येतो तेव्हा ती जिभेने एकदा नाक चाटते. समोर खाणे आहे म्हणून चाटले असे आपल्याला वाटेल, पण त्या वेळी तिची नजर भाकरीकडे नाही, भिंतीकडे आहे. मग ती मोठी जांभई देते. धाकटा तिच्या पाठीवर हात टेकून तोल सावरतो, आणि त्या क्षणी तिचे डोळे कोपऱ्यातून त्याच्याकडे वळतात, मान मात्र जागची हलत नाही, त्यामुळे डोळ्यांतला पांढरा भाग चंद्रकोरीसारखा उघडा पडतो. मागून आपला आवाज ऐकू येतो, "बघा, कशी शांत आहे आमची बकुळ." ताई, ती शांत नव्हती, ती थिजली होती. शांत कुत्र्याचे अंग सैल असते, तोंड किंचित उघडे असते, शेपूट जमिनीवर मोकळी पडलेली असते. इथे तोंड घट्ट मिटलेले आहे आणि शेपूट अंगाखाली ओढून घेतलेली आहे. मान वळवणे, नाक चाटणे, जांभई, डोळ्यांचा पांढरा भाग आणि थिजणे, अशा पाच प्रकारे तिने "मला नको आहे" असे सांगितले, आणि त्या पडवीत ते वाचणारे कोणी नव्हते. त्यानंतरच्या आठवड्यात तिने तेच सहाव्या प्रकारे, सगळ्यांना ऐकू जाईल असे सांगितले. त्याला आपण गुरगुरणे म्हणतो.

म्हणूनच माझी पहिली विनंती अशी की गुरगुरल्याबद्दल तिला ओरडू नका, मारू नका, आणि घरातल्या कोणालाही तसे करू देऊ नका. गुरगुरणे दाबून टाकले तर कुत्र्याच्या मनातली अस्वस्थता जात नाही, तिची सूचना देणारा आवाज तेवढा जातो. "काही न सांगता एकदम चावला" म्हणून माझ्याकडे आणलेल्या कित्येक कुत्र्यांच्या बाबतीत मागे जाऊन चौकशी केली, तर पिल्लूपणी गुरगुरल्यावर त्यांना चपलेने मारल्याचे निघाले.

चित्रफितीत आणखी एक गोष्ट आहे, जी कदाचित कोणाच्याच लक्षात आली नसेल. धाकटा येण्यापूर्वीच्या अर्ध्या मिनिटात बकुळ दोनदा मान झटकते आणि एकदा मागच्या पायाने उजवा कान खाजवते. बसतानाही तिची मान उजवीकडे किंचित कललेली आहे. लॅब्राडोरचे कान लोंबते असतात, आत हवा खेळत नाही, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत इतका दमटपणा असतो की कानात बुरशी आणि जंतू वाढायला निमित्तच लागत नाही. त्यातच ती समुद्रावर जाऊन पाण्यात शिरत असेल तर बोलायलाच नको. माझा अंदाज असा आहे की तिचा उजवा कान दुखतो आहे. 14 महिन्यांचे मूल तोल सावरायला जे हाताला लागेल ते धरते, आणि लॅब्राडोरच्या अंगावर सहज हाताला लागणारी गोष्ट म्हणजे कान. आजवर कधीही न गुरगुरलेला कुत्रा अचानक गुरगुरू लागला तर प्रथम दुखणे शोधावे, स्वभावाचा विचार नंतर करावा, हा नियम मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. तेव्हा या आठवड्यातच तिला जवळच्या पशुवैद्याकडे न्या, दोन्ही कान आतून तपासून घ्या, त्याबरोबर दात, कंबर आणि मागच्या पायांचे सांधेही पाहून घ्या, कारण या जातीत कंबरेच्या सांध्याचा दोष बराच आढळतो. घरातले खोबरेल तेल किंवा कोणी सांगितलेले थेंब कानात घालू नका. पडदा फाटलेला असेल तर चुकीच्या औषधाने कान कायमचा जाऊ शकतो.

आता आपल्या मुख्य शंकेकडे येतो. केंद्रात शांत राहणारी कुत्री घरी का गुरगुरते? केंद्रातला तिचा तास डोळ्यांपुढे आणून पाहा. तिच्या गळ्यात पट्टा असतो आणि पट्ट्याचे दुसरे टोक आपल्या हातात असते. मुले एकेक करून येतात, प्रत्येकासोबत एक मोठे माणूस असते, आणि सत्र अर्ध्या-पाऊण तासात संपते. ती थकली हे आपल्याला कळते आणि आपण तिला बाहेर नेता. म्हणजेच तिथे तिच्या बाजूने बोलणारे कोणी तरी सतत हजर असते. घरी पट्टा निघतो, आपण स्वयंपाकघरात जाता, आणि सुरुवात व शेवट नसलेले एक सत्र सुरू होते, ज्यात समोरचे मूल रांगत किंवा डुलत केव्हाही, कोठूनही येते. थेरपी डॉग ही पदवी कुत्र्याला त्याच्या हस्तकासह, म्हणजे पट्टा धरणाऱ्या प्रशिक्षित माणसासह मिळालेली असते. चाचणी या जोडीची होते. हस्तक बाजूला गेला की उरतो तो घरचा कुत्रा, गुणी असेल, शिकलेला असेल, पण घरचा कुत्रा. बकुळ घरी थेरपी डॉग नाही आणि तिने तसे असावे अशी अपेक्षाही करू नये, हे या उत्तरातले मला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे वाक्य आहे.

येथे एक जुनी हकिगत सांगावीशी वाटते. बोरिस लेव्हिन्सन या अमेरिकन बालमानसशास्त्रज्ञांनी 1962 मध्ये कुत्र्याला उपचारातला सहकारी मानावे असा विचार एका लेखातून मांडला. या क्षेत्रातली बरीचशी चर्चा तिथून सुरू झाली असे मानले जाते. त्यांच्याकडे एक मिटलेला, आपल्यातच राहणारा मुलगा ठरलेल्या वेळेच्या आधीच येऊन पोहोचला. एरवी रुग्ण येण्यापूर्वी दुसरीकडे ठेवलेला त्यांचा जिंगल्स नावाचा कुत्रा त्या वेळी खोलीतच होता, आणि तो आपण होऊन मुलाकडे गेला. मुलाने कुत्र्याला जवळ घेतले आणि पुढे त्याच्याशी खेळायला म्हणून तो येत राहिला. मला या हकिगतीत नेहमी एवढेच महत्त्वाचे वाटते की कुत्रा आपण होऊन गेला होता. प्राण्याच्या सहवासाने मुलाचे मन मोकळे होते त्याचे मोठे कारण हेच आहे की कोणीही सांगितलेले नसताना एका जिवाने त्याला पसंत केले. आवडीने येणारा कुत्रा आणि सोसत बसलेला कुत्रा यांतला फरक मुलांना, विशेषतः न बोलणाऱ्या मुलांना, आपल्यापेक्षा लवकर कळतो. त्यामुळे "शेपूट ओढली तरी शांत राहते" हे वाक्य वाचून मला आनंद झाला नाही. केंद्रातही तिची शेपूट कोणी ओढता कामा नये, आणि ओढली गेली तर मधे पडणे हे आपले काम आहे.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझी मोठी मुलगी 3 वर्षांची असताना आमच्याकडे एक गावठी जातीचा, अतिशय मायाळू कुत्रा होता आणि मी त्याला आठवड्यातून चार दिवस एका वृद्धाश्रमात नेत असे. वाढत्या कौतुकाच्या भरात चार दिवस त्याला जड जात आहेत हे मी पाहिले नाही. एका शनिवारी आम्ही दुपारी परतलो, तो पाणी पिऊन ओटीवर आडवा झाला आणि मुलीने धावत जाऊन त्याच्या गळ्यात मिठी मारली. त्याने एकदाच तोंड टाकले. तिच्या गालावर दाताचा ओरखडा उमटला आणि थोडे रक्त आले. कुत्र्याला रेबीजची लस वेळच्या वेळी दिलेली होती, तरीही जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटे धुऊन मी तिला रुग्णालयात नेले, कारण चेहऱ्यावरच्या जखमेबाबत निर्णय वैद्यानेच घ्यायचा असतो, आणि पुढचे 10 दिवस कुत्र्यावर लक्ष ठेवले. मुलीच्या गालावर आज खूणही नाही. मी मात्र त्या दिवसापासून कामावरून आलेल्या कुत्र्याला दोन तास कोणीही हात लावायचा नाही हा नियम घरात केला आणि पुढे भेटणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला तोच सांगत आलो.

या नियमासाठी बकुळला स्वतःची जागा हवी, आणि ती भिंतीचा कोपरा असून चालणार नाही. कोपऱ्यात कुत्र्याला मागे सरकता येत नाही. मागे सरकता आले नाही की पुढे येणे एवढाच मार्ग उरतो. जुलैमध्ये नेमके हेच झाले असावे. आपल्या घराला पुढची पडवी आणि मागची पडवी अशा दोन्ही आहेत असे आपण लिहिले आहे. मागच्या पडवीचे एक टोक सुताराकडून अर्धे दार बसवून वेगळे करा. दाराची उंची मुलाच्या डोक्याच्या बरीच वर असावी, पट्ट्या उभ्या असाव्यात म्हणजे त्यावर पाय देऊन चढता येणार नाही, आणि दोन पट्ट्यांमधून त्याचे डोके जाणार नाही इतक्या त्या जवळ असाव्यात. कडी बाहेरच्या बाजूने, मोठ्यांच्या हाताच्या उंचीवर. जमीन शेणाने सारवलेली किंवा फरशीची असली तरी पावसाळ्यात वर लाकडी फळी टाका, म्हणजे ओल लागणार नाही. तिथे तिचे पाणी, तिचे अंथरूण आणि तिचे जेवण असेल. त्या दाराच्या आत मुले जाणार नाहीत, पाहुणे जाणार नाहीत, आणि तिला शिक्षा म्हणून कधीही तिथे कोंडायचे नाही. प्रौढ कुत्र्याला दिवसरात्र मिळून 12 ते 14 तास झोप लागते. लहान मुले असलेल्या घरात ती बहुधा निम्मीही मिळत नाही.

मुलांचे शिकवणे वयाप्रमाणे अगदी वेगळे आहे. धाकट्याला शिकवण्यासारखे सध्या काहीच नाही. 14 महिन्यांच्या मुलाला "हळू" हा शब्द कळला तरी हाताला कळत नाही. त्याच्यासाठी नियम एकच, आणि तो मोठ्यांनी पाळायचा आहे : मूल आणि कुत्री एका जागेत असतील तर एक मोठे माणूस हाताच्या अंतरावर आणि त्यांच्याकडे पाहत असले पाहिजे. फोनकडे पाहणारे, चुलीवर दूध ठेवून आलेले किंवा पलीकडच्या खोलीतून आवाज देणारे माणूस यात धरू नये. असे माणूस नसेल तेव्हा मधे दार बंद असावे. लहान मुलांना होणारे कुत्र्याचे दंश पुष्कळदा घरातच, ओळखीच्या कुत्र्याकडून होतात, आणि मुलाची उंची कमी असल्याने ते चेहऱ्यावर आणि मानेवर होतात, म्हणून मी या बाबतीत कोणालाही सूट देत नाही. मूल खात असताना आणि कुत्री खात असताना तर दार नेहमीच बंद.

पाच वर्षांच्या मुलीला मात्र भरपूर शिकवता येते, आणि या वयाची मुले नियम पाळण्यात मोठ्यांपेक्षा काटेकोर असतात. तिला असे शिकवा की बकुळकडे आपण जायचे नाही, बकुळला बोलवायचे. मांडीवर हात थोपटून एकदा हाक मारायची. आली तर तिच्या छातीवर किंवा खांद्याजवळ एका हाताने पाच अंक मोजेपर्यंत कुरवाळायचे आणि हात काढून घ्यायचा. मग पाहायचे. बकुळने डोके पुढे केले, अंग टेकवले, तर पुन्हा पाच अंक. ती तशीच उभी राहिली, मान वळवली किंवा निघून गेली तर आज तिला नको आहे. न आल्यास दुसऱ्यांदा हाक नाही. डोक्यावर वरून हात नेणे, मिठी मारणे, तोंडाला तोंड लावणे, झोपलेल्या कुत्र्याला उठवणे, हे चारही बंद. मिठी आपल्याला मायेची वाटते, कुत्र्याला ती अडकल्यासारखी वाटते. आणि कोणताही कुत्रा, घरचा असो वा गावातला, अंगावर धावून आला तर पळायचे नाही, माडासारखे उभे राहायचे : पाय जमिनीत रोवलेले, हात झावळ्यांसारखे न हलवता अंगाशी घट्ट, नजर आपल्या पायांकडे. आपल्या वाडीतल्या सगळ्या मुलांना एकत्र करून हा माडाचा खेळ शिकवलात तर त्याचा उपयोग बकुळपुरता राहणार नाही, कारण मासळी बाजाराजवळ आणि किनाऱ्यावर फिरणाऱ्या मोकाट कुत्र्यांशी या मुलांची गाठ रोजच पडते.

कान बरा झाल्यावर, त्यापूर्वी नाही, धाकट्याचे येणे बकुळला पुन्हा चांगले वाटू लागावे यासाठी थोडे काम करता येईल. आपण तिला पट्ट्याने धरून पडवीच्या एका टोकाला बसा, घरातले दुसरे कोणी धाकट्याला कडेवर घेऊन दुसऱ्या टोकाला येऊ दे. बकुळने त्याच्याकडे पाहिले की लगेच तिला उकडलेल्या कोंबडीचा नखाएवढा तुकडा द्या. मूल गेले की तुकडेही बंद. असे तीन-चार मिनिटे, दिवसातून एकदा. अंतर रोज एखाद्या पावलाने कमी करा, आणि ज्या अंतरावर ती नाक चाटू लागेल किंवा मान फिरवील तिथून दोन पावले मागे जा. घाई केली तर केलेले सगळे वाया जाते. सुकट किंवा सोडे देण्याचा मोह होईल, कारण त्यांच्यासाठी ती काहीही करील, पण सुकी मासळी बहुधा खारवलेली असते आणि एवढे मीठ कुत्र्याला चालत नाही.

आता आरोग्याविषयी. लहान मुलांच्या घरात कुत्रा असणे आणि तो कोकणात असणे, या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की काही काळजी वेगळी घ्यावी लागते, आणि बकुळ आजारी, दुबळ्या मुलांमध्येही वावरते म्हणून ती दुप्पट घ्यावी लागते. रेबीजची लस दरवर्षी, त्यात एक महिन्याचीही चालढकल नको. त्याबरोबर लेप्टोस्पायरोसिसचा समावेश असलेली लस दरवर्षी, आणि ती शक्यतो मे महिन्यात, पावसाच्या तोंडावर द्यावी. हा आजार मुख्यतः उंदरांच्या लघवीतून चिखलात आणि साचलेल्या पाण्यात पसरतो. कुत्र्याला तो झाला तर कुत्र्याच्या लघवीतूनही पसरतो. लस घेतली तरी या जंतूच्या सगळ्याच प्रकारांपासून संरक्षण मिळत नाही, म्हणून बकुळला भाताच्या खाचरांतून, व्हाळाच्या (ओढ्याच्या) कडेने आणि गोठ्यामागच्या डबक्यांतून फिरवू नका. तिला ताप, उलट्या, हिरड्यांवर पिवळेपणा किंवा गडद रंगाची लघवी दिसली तर त्याच दिवशी तपासून घ्या आणि मुलांना तिच्यापासून दूर ठेवा. घरातल्या कोणा माणसाला पावसाळ्यात ताप येऊन पोटऱ्या दुखू लागल्या, डोळे लाल झाले, तर आरोग्य केंद्रात चिखलाशी आणि जनावरांशी आलेला संबंध आपण होऊन सांगा.

समुद्रकिनाऱ्याबद्दल लोक फारसे बोलत नाहीत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. मोकाट कुत्र्यांच्या विष्ठेतून अंकुशकृमीची अंडी वाळूत पडतात, उबदार ओलसर वाळूत त्यांतून अळ्या निघतात आणि अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतात. माणसाच्या शरीरात त्या पुढे सरकू शकत नाहीत, कातडीखालीच नागमोडी फिरतात, आणि पायाच्या तळव्यावर किंवा मुलाच्या बुडावर एक खाजरी लाल रेघ रोज थोडी थोडी पुढे जाताना दिसते. भरतीच्या पाण्याने रोज धुतली जाणारी ओली वाळू त्या मानाने सुरक्षित असते. धोका वरच्या बाजूला, सुरूच्या झाडांखालच्या सावलीतल्या वाळूत अधिक. तेव्हा मुले तिथे चपला घालून खेळोत, आणि बांधकामासाठी आपल्या अंगणात वाळूचा ढीग टाकलेला असेल तर तो ताडपत्रीने झाकून ठेवा, कारण कुत्री-मांजरे शौचाला तीच जागा शोधतात आणि मुलेही खेळायला तीच. बकुळला दर तीन महिन्यांनी जंताचे औषध द्या, किनाऱ्यावर तिची विष्ठा स्वतः उचला. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढून झाल्यावर टाकून दिलेल्या मासळीत केंड हा फुगणारा विषारी मासा असू शकतो. त्यातल्या विषाने स्नायू लुळे पडून कुत्रा दगावू शकतो आणि त्यावर उतारा नाही, म्हणून रापणीच्या वेळी तिला पट्ट्यानेच न्यावे.

गोचिडांसाठी महिन्याच्या किंवा तीन महिन्यांच्या गोळ्या पशुवैद्याकडून वजनाप्रमाणे घ्याव्यात. गुरांना लावायचे गोचीडनाशक अंदाजाने पाण्यात कालवून कुत्र्याला चोळण्याची पद्धत आपल्याकडे अजून आहे. तसे केलेले कुत्रे थरथरत, लाळ गाळत माझ्याकडे आलेले आहेत, आणि लहान मूल त्याच अंगाला हात लावून तोंडात घालते हे विसरू नये. अंगावर ठिपक्याने लावायचे औषध वापरले तर ते पूर्ण वाळेपर्यंत मुलांना दूर ठेवा, आणि घरात मांजर असेल तर परमेथ्रिन असलेले औषध टाळा, ते मांजराला विषारी असते. दक्षिणेकडे, दोडामार्ग आणि सावंतवाडी भागात 2016 पासून माकडताप आढळला आहे आणि तो रानातल्या गोचिडांमार्फत पसरतो, त्यामुळे तिकडच्या वाचकांनी कुत्र्याला डिसेंबर ते मे या दिवसांत रानात मोकळे सोडूच नये.

खाण्याबाबत दोनच गोष्टी. बाजारातून आणलेल्या मासळीची कच्ची डोकी बकुळला देऊ नका. शिजवून, काटे काढून द्या. कच्च्या मांसमासळीतले जंतू कुत्र्याला न बाधताही त्याच्या तोंडातून आणि विष्ठेतून मुलांपर्यंत जातात, आणि पेट पार्टनर्ससारख्या परदेशी संस्था कच्च्या मांसावर वाढवलेला कुत्रा या कामाला घेतच नाहीत. दुसरे म्हणजे आंब्याच्या दिवसांत कोयींचा डबा झाकणाचा ठेवा. आतड्यात अडकलेली कोय शस्त्रक्रियेने काढण्याची वेळ मे महिन्यात माझ्यावर दरवर्षी येते.

कामाबद्दल माझे मत असे आहे की निदान आठ आठवडे ते पूर्ण थांबवावे. दुखऱ्या कानाने तिला केंद्रात नेणे त्या मुलांवरही अन्याय आहे. आठ आठवड्यांनी, कान बरा असेल, ती रात्री गाढ झोपत असेल आणि पट्टा हातात घेतल्यावर आपण होऊन दाराकडे येत असेल, तर ज्यांनी तिची पहिली चाचणी घेतली त्यांच्याकडूनच पुन्हा चाचणी करून घ्या, आणि जुलैचा प्रसंग त्यांना न लपवता सांगा. पुढे आठवड्यातून एकच दिवस, एका वेळी अर्धा तास. घरात तान्ही-रांगती मुले असताना तीन दिवस मला जास्त वाटतात. पट्टा पाहून ती पलंगाखाली जाऊ लागली तर त्याला आळस म्हणू नका, ते तिचे उत्तर आहे असे समजा आणि तिला सेवेतून मोकळे करा. केंद्रात कोणा मुलावर ती गुरगुरली तर मात्र चर्चा नको, काम तिथेच संपवावे.

सासूबाईंविषयी आपण थोडे नाराजीने लिहिले आहे. माझे म्हणणे असे की या घरात बकुळचे गुरगुरणे सर्वांत गंभीरपणे त्यांनीच घेतले, आणि ते योग्यच होते. त्यांना हे उत्तर वाचून दाखवा. कुत्री स्वयंपाकघरात आणि देवघरात येणार नाही हा त्यांचा नियम मुळात उत्तम आहे, कारण त्यामुळे मुलांच्या जेवणाच्या वेळा आपोआप वेगळ्या राहतात. मागच्या पडवीच्या दाराची जबाबदारी त्यांच्याकडे द्या. "दार लागलंय का" हे दिवसातून दहा वेळा पाहणारे माणूस प्रत्येक घरात असतेच, आणि आपल्या घरात ते कोण आहे हे आपल्या पत्रावरून मला कळले आहे. एवढे सगळे करूनही ती धाकट्याकडे पाहून अंग ताठ करत राहिली, किंवा दाराची शिस्त काही कारणाने घरात पाळली जाणे शक्यच नसेल, तर लहान मुले नसलेल्या, आपल्या माहितीच्या घरी तिला देणे हा वाईट निर्णय ठरणार नाही. तसे करावे लागले तर तिचे औषध-लसींचे कार्ड आणि जुलैची हकिगत दोन्ही त्या घराला द्या.

कान तपासून झाल्यावर पशुवैद्यांनी काय सांगितले ते कळवा, आणि महिन्याभराने आणखी एक चित्रफीत पाठवा. या वेळी मुले त्यात नसली तरी चालतील. मागच्या पडवीत दुपारी एकटी असताना बकुळ कशी झोपते, कुशीवर पाय ताणून की अंग मुडपून, एवढेच मला पाहायचे आहे.